झिरो टिकत नाही: स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी स्वस्त दुर्बीण घेण्यापूर्वी

स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बीण बसवलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. काल संध्याकाळी जमवलेला झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा बसावा अशी दुर्बिणीची जुळणी, आज सकाळी राहिलेला नसतो. १० मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ बसतात, मालक समाधानाने रायफल कपाटात ठेवतो, आणि चार दिवसांनी ती बाहेर काढल्यावर पहिलाच छर्रा दोन बोटे डावीकडे जातो. दुर्बिणीवरचे स्क्रू फिरवून नेम पुन्हा मध्यावर आणला, तर पुढचे पंधरा-वीस छर्रे नीट जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. शेवटी ‘दुर्बीणच बोगस निघाली’ असा निष्कर्ष काढून नवीन दुर्बीण मागवली जाते, आणि महिन्याभरात तिच्याबद्दलही तेच बोलले जाते.

मी स्वतः अशा दोन दुर्बिणी घेऊन झाल्यावर शहाणा झालो. पहिलीतल्या उभ्या-आडव्या रेघा तीनेकशे छर्ऱ्यांनंतर चक्क तिरप्या झाल्या, म्हणजे ती खरोखरच मोडली होती. दुसरी मात्र शेवटपर्यंत निर्दोष होती. तिच्या माथी मी जे दोष मारत होतो, ते सगळे रायफलीत, माऊंटमध्ये (म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीत) आणि माझ्या स्वतःच्या हातांत होते. त्यामुळे कोणती दुर्बीण घ्यावी असे मला कोणी विचारले, की मी आधी तुमची रायफल दुर्बिणीशिवाय कशी चालते ते विचारतो. काहींना हे टाळाटाळ केल्यासारखे वाटते, पण कमी पैशांत निवड करायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

दुर्बिणीवर नेमके काय गुदरते

चाप ओढला की दाबून ठेवलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते. दट्ट्या पुढे निघताच रायफल मागे सरकते. हा पहिला धक्का कोणत्याही बंदुकीच्या धक्क्यासारखाच मागच्या दिशेचा असतो. पण दट्ट्या सिलिंडरच्या टोकाजवळ पोहोचतो, तेव्हा त्याच्यासमोर दाबलेल्या हवेची उशी तयार झालेली असते. त्या उशीवर आदळून तो थबकतो, किंचित मागे उसळतो, आणि त्याच क्षणी सगळी रायफल पुढच्या दिशेने हिसका खाते. हे दोन्ही धक्के डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातात, त्यामुळे खांद्याला ते एकच वाटतात. दुर्बिणीला मात्र ते दोन वेगळे आणि परस्परविरुद्ध धक्के म्हणून सोसावे लागतात.

बारुदाच्या बंदुकीसाठी बनवलेल्या दुर्बिणीतली भिंगे आणि आतली हलती नळी मागच्या दिशेचा धक्का पेलतील अशा बेताने बसवलेली असतात. पुढच्या दिशेच्या हिसक्याचा तिथे प्रश्नच नसतो. म्हणूनच मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलवर काही शे छर्ऱ्यांत खिळखिळी होऊ शकते, आणि ‘एवढीशी छर्ऱ्याची बंदूक, तिला कशाला मजबूत दुर्बीण?’ हा तर्क नेमका उलटा ठरतो. स्प्रिंगऐवजी गॅसचा पिस्टन असलेल्या रायफलीतही धक्क्यांचा क्रम हाच असतो.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. अशा रायफलीवरचा माऊंट नेहमी मागच्या बाजूला, म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याकडे सरकतो. एसटीने थांब्यावरून एकदम वेग घेतला की दांडा न धरलेला प्रवासी जसा मागे जातो, तशीच रायफल पुढे हिसका खाते तेव्हा दुर्बीण आहे तिथेच राहू पाहते आणि रेलवरून, म्हणजे माऊंट ज्या पट्टीवर आवळतात तिच्यावरून, मागे घसरते. हे लक्षात नसेल तर माऊंटला अडवणारी खीळ चुकीच्या बाजूला बसवली जाते, आणि तसे करणारे मी पाहिले आहेत.

दोन सवयी हा मार अनेक पटींनी वाढवतात. पहिली, छर्रा न घालता चाप ओढणे. छर्रा नसला की हवा विनाअडथळा निघून जाते, उशी तयारच होत नाही, आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर थेट आदळतो. घरी आलेल्या पाहुण्यांना ‘बघा, आवाज किती येतो’ म्हणून रिकामी रायफल उडवून दाखवणाऱ्यांनी दुर्बीण टिकत नसल्याची तक्रार करू नये. दुसरी, नळीत किंवा सिलिंडरमध्ये शिवणयंत्राचे नाहीतर खोबऱ्याचे तेल सोडणे. दाबलेली हवा इतकी तापते की ते तेल डिझेल इंजिनमध्ये पेटावे तसे पेटते. धूर येतो, आवाज मोठा होतो, छर्रा जोरात गेल्याचा आनंदही होतो, पण धक्का बेहिशेबी वाढतो आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग निराळा राहतो. नवी रायफलसुद्धा कारखान्यातल्या वंगणामुळे सुरुवातीला धूर काढते. तो बंद होईपर्यंत तिच्यावर दुर्बीण चढवू नये.

आधी दुर्बीण उतरवा

दुर्बीण काढून पुढची माशी आणि मागची खाच यांच्यावर, म्हणजे रायफलीच्या साध्या साइटवर, १० मीटरवरून दहा छर्रे मारावेत. आम्ही हे काम गुऱ्हाळाच्या मागे, उसाच्या कडेला, टेपने अंतर मोजून करतो. टार्गेटमागे चिंध्यांनी ठासून भरलेले पोते आणि त्यामागे मातीचा बांध असतो. दगडी भिंत किंवा पत्रा मागे ठेवू नये, कारण शिशाचा छर्रा उलटा येतो. चष्मा किंवा गॉगलही लावावा. दहा छर्रे साध्या साइटवरच विखुरले, तर दोष दुर्बिणीचा नाही हे तिथेच सिद्ध होते.

असे झाले की सगळ्यात आधी दस्त्याचे स्क्रू पाहावेत. पुढच्या बाजूचे दोन आणि चापाच्या कडीजवळचे स्क्रू स्प्रिंगच्या कंपनाने हमखास ढिले होतात, आणि लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्यात फुगलेले लाकूड हिवाळ्यात आकसल्यावर ते आणखी सैल पडतात. स्क्रू काढून त्यांच्या आट्यांवरचे तेल पुसावे, निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) एकेक थेंब लावून ते पुन्हा बसवावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. लाल रंगाचे थ्रेडलॉकर वापरू नये. तो स्क्रू पुढे तापवल्याशिवाय निघत नाही.

त्यानंतर छर्रे. ४.५ मिमीचे छर्रे साधारण ७ ते ८.५ ग्रेन वजनाचे, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतात, पण एकाच डबीतल्या स्वस्त छर्ऱ्यांमध्ये कडा दबलेले, कमी-जास्त वजनाचे आणि नळीत कधी घट्ट तर कधी सैल जाणारे नग सापडतात. घुमटाकार टोकाचे दोन-तीन निरनिराळे प्रकार आणून प्रत्येकी दहा-दहा मारून पाहिले, की आपल्या नळीला कोणता मानवतो ते समजते. दुर्बिणीवर खर्च करायच्या पैशांतले काही पैसे या प्रयोगावर घातले तर ते वाया जात नाहीत.

रायफल धरण्याची पद्धत हा भाग लोकांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच स्प्रिंगची रायफल हललेली असते, म्हणून ती प्रत्येक वेळी सारखीच हलू देणे एवढेच आपल्या हाती असते. टेबलाच्या कडेवर किंवा विटेवर नळी टेकवून मारली की ती उसळते. मुठीत आवळून धरली की प्रत्येक वेळचा जोर वेगळा पडतो. दस्ता उघड्या तळहातावर नुसता ठेवावा, दर वेळी त्याच जागी ठेवावा, आणि खांद्यालाही हलकाच लावावा. मी हात चार बोटे पुढे सरकवून पाहिला, तेव्हा सगळे छर्रे एकमेकांजवळच पण टार्गेटवर वेगळ्या जागी बसले. त्या दिवसापूर्वी हेच पाहून मी दुर्बिणीला शिव्या दिल्या असत्या.

आता एक फसवा प्रकार. काही रायफली साध्या साइटवर उत्तम चालतात आणि दुर्बीण लावली की वेड्यासारख्या वागतात. मग मालक स्वाभाविकच दुर्बिणीला दोषी ठरवतो. नळी मोडून छर्रा भरायच्या पुष्कळशा रायफलींत माशी आणि खाच या दोन्ही नळीवरच बसवलेल्या असतात, तर दुर्बीण मागच्या सिलिंडरवर असते. नळीच्या बिजागरीचा बोल्ट सैल असेल, तर प्रत्येक वेळी नळी किंचित वेगळ्या कोनात बंद होते. माशी आणि खाच नळीबरोबर हलत असल्यामुळे त्यांना याचा पत्ता लागत नाही. सिलिंडरवर बसलेल्या दुर्बिणीला मात्र तो फरक पूर्णपणे भोगावा लागतो. रायफल रिकामी आणि स्प्रिंग न ताणलेली असताना नळी बंद करून ती आडवी हलवून पाहावी. बोटांना जरा जरी खेळ जाणवला, तर बोल्ट आवळून घ्यावा. नळी उघडून सोडल्यावर ती स्वतःच्या वजनाने धपकन खाली न पडता लावू त्या जागी राहावी, इतपत तो घट्ट हवा.

माऊंट आणि उद्यमनगरातले भोक

रायफल निर्दोष ठरली की माऊंटकडे वळावे. एअर रायफलींवर सहसा ११ मिमीची, सिलिंडरमध्येच कोरलेली अरुंद रेल असते. मोठ्या बंदुकींवरची रुंद, आडव्या खाचांची रेल २० मिमीच्या पुढची असते. दोन्हींचे माऊंट वेगळे असतात, आणि रुंद रेलचा माऊंट पट्ट्या घालून अरुंद रेलवर बसवण्याचा खटाटोप करू नये. दुर्बिणीची नळी २५.४ मिमी म्हणजे एक इंचाची आहे की ३० मिमीची, हेही रिंगा मागवण्याआधी पाहावे.

माझा माऊंट दर पन्नास छर्ऱ्यांमागे सरकायचा आणि रेलवर पांढरे ओरखडे उठवायचा. त्याला अडवायला मागे लोखंडी ठोकळा बसवून घ्यावा म्हणून मी रायफलीचे मोजमाप आणि तिचा रिकामा सिलिंडर घेऊन उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सिलिंडर उजेडाकडे वळवला आणि रेलच्या मागच्या टोकावर अंगठा टेकवून विचारले, “हे भोक कशाला हाय, सर?”

“असेल काहीतरी कंपनीचं,” मी म्हणालो.

“कंपनी उगंच भोक पाडत न्हाई. भोक पाडायला पैसं लागत्यात.”

ते भोक माऊंटच्या खिळीसाठीच होते. माझ्या स्वस्त रिंगांना अशी खीळ नव्हती, म्हणून ते मला दोन वर्षे दिसूनही दिसले नव्हते. मिस्त्रींनी ठोकळा बनवायला साफ नकार दिला आणि खीळ असलेला माऊंट आणायला सांगितले. धंदा सोडून दिलेला तो सल्ला माझ्या सगळ्या खरेदीत स्वस्त आणि मोलाचा ठरला.

माऊंट घेताना म्हणूनच दोन गोष्टी बघाव्यात: खाली येणारी खीळ असावी, आणि शक्यतो माऊंट एकसंध, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच पट्टीवर असलेला असावा. एकसंध माऊंटची पकड जास्त लांबीवर पडते आणि दोन रिंगा एका ओळीत न बसल्याने दुर्बिणीची नळी वाकण्याचा जो धोका असतो, तोही कमी होतो. खीळ भोकात इतकीच उतरवावी की ती तळाला टेकणार नाही. ती लांब राहिली तर माऊंट मागून उचलला जातो आणि आवळूनही डुलत राहतो. रेल आणि माऊंटचे जबडे स्पिरिटने पुसावेत, कारण तिथला तेलाचा पातळ थर पकडीचा शत्रू असतो. रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आवळावेत. एलन-की लांब बाजूने धरून सगळा जोर लावणाऱ्यांनी दुर्बिणीच्या नळ्या दाबून निकामी केल्या आहेत. आखूड बाजू बोटांत धरून जेवढे आवळले जाते तेवढे पुरते. शेवटी माऊंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढावी. पुढे कधी झिरो हलला आणि माऊंट त्या रेघेवर चढलेला दिसला, तर कारण शोधत बसावे लागत नाही.

स्क्रू टोकाला गेलेली दुर्बीण

माऊंट जागेवर आहे, रायफल ठीक आहे, तरीही झिरो तरंगतो, अशा वेळी दुर्बिणीच्या वरच्या स्क्रूचे किती फेरे झाले ते मोजावे. मोडून भरायच्या रायफलींची नळी सिलिंडरच्या रेषेपेक्षा थोडी खाली झुकलेली असणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. छर्रा खाली जातो म्हणून मालक तो वर आणण्यासाठी स्क्रू फिरवत राहतो, आणि कधी कधी तो जवळजवळ शेवटपर्यंत फिरतो. दुर्बिणीच्या आत एक बारीक नळी असते. एका बाजूने हे स्क्रू आणि समोरून एक लहान स्प्रिंग तिला दाबून धरतात. वरचा स्क्रू बाहेरच्या टोकाला गेला की ती स्प्रिंग जवळजवळ पूर्ण उलगडते, तिचा जोर संपतो, आणि आतली नळी प्रत्येक धक्क्यासरशी नव्या जागी विसावते. अशा वेळी दुर्बीण मोडलेली नसते, पण वागते मोडल्यासारखीच. दुकानदार ती बदलून देतो, नवीन दुर्बीणही त्याच टोकापर्यंत फिरवली जाते, आणि तीही ‘बोगस’ ठरते.

उपाय असा. दोन्ही स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जोर न लावता फिरवून एकूण फेरे मोजावेत आणि निम्म्यावर आणून ठेवावेत. मग मागच्या रिंगेत, दुर्बिणीच्या नळीखाली पातळ पट्टी घालून दुर्बीण मागून उचलावी. थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमी जाड असतो. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल, तर अशा एका पट्टीने नेम १० मीटरवर सुमारे १० मिमी आणि २० मीटरवर २० मिमी वर जातो. पट्टीच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. तीन पट्ट्यांच्या पुढे मात्र जाऊ नये, कारण मग रिंग नळीला वाकवू लागते. झुकाव त्याहून जास्त असेल तर मागून उंच असलेला माऊंट मिळतो, तो घ्यावा.

क्लिकचा, म्हणजे स्क्रू फिरवताना लागणाऱ्या एकेका टप्प्याचा हिशेबही एकदा समजून घ्यावा, म्हणजे उगाच फिरवाफिरवी होत नाही. बहुतेक दुर्बिणींवर लिहिलेला पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी असतो. १० मीटरवर तो जेमतेम पाऊण मिलिमीटर भरतो. म्हणजे १० मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर सरकवायला चौदाएक क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याची दुर्बीण बहुधा चांगलीच असते. स्वस्त दुर्बिणींत फिरवलेला क्लिक आतल्या आत अडकून राहतो आणि दोन-तीन छर्ऱ्यांच्या धक्क्यानंतर लागू पडतो, हे मात्र खरे आहे. म्हणून क्लिक फिरवल्यावर स्क्रूच्या टोपणावर बोटाने टिचकी मारावी आणि पहिले तीन छर्रे हिशेबात धरू नयेत.

अंतराचा घोटाळा

मोठ्या रायफलींसाठी केलेल्या साध्या दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर पॅरालॅक्स जुळवून विकल्या जातात. आपण परसात १० ते २५ मीटरवर मारतो. इतक्या जवळच्या टार्गेटवर चित्र आणि रेघा एकाच पातळीवर पडत नाहीत, त्यामुळे रायफल न हलवता नुसते डोके हलवले तरी रेघांचा क्रॉस टार्गेटवरून सरकताना दिसतो; यालाच पॅरालॅक्स म्हणतात. किती सरकेल याचा हिशेब करता येतो. पुढचे भिंग ४० मिमीचे असेल आणि पॅरालॅक्स ९१ मीटरवर असेल, तर १० मीटरवर डोळा अगदी कडेला गेल्यास चूक सुमारे १८ मिमीपर्यंत जाते. म्हणजे गाल दस्त्यावर कालच्यापेक्षा थोडा वेगळा टेकला एवढ्यानेच ‘झिरो हलला’. यावर फुकटचा उपाय आहे: पुढच्या भिंगाच्या तोंडावर मध्यभागी १६ मिमी भोक पाडलेली पुठ्ठ्याची चकती बसवावी. तीच चूक मग ७ मिमीच्या आसपास येते आणि जवळचे चित्रही स्पष्ट होते. उजेड मात्र कमी होतो, त्यामुळे संध्याकाळी उशिरा ही युक्ती चालत नाही.

काही जण पुढची कडी उघडून भिंगाचा कप्पा फिरवतात आणि पॅरालॅक्स जवळ आणतात. हे होते खरे. पण त्यात दुर्बिणीत भरलेला नायट्रोजन निघून जातो, आणि आपल्याकडे मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत हवेत जो ओलावा असतो, त्यात अशी उघडलेली दुर्बीण आतून धुरकटते आणि पुढे भिंगावर बुरशीची जाळी धरते. ती बुरशी नंतर पुसता येत नाही. पावसाळ्यात न उघडलेली दुर्बीणसुद्धा रेक्झिनच्या पिशवीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

अंतराचाच दुसरा गोंधळ म्हणजे २० मीटरवर झिरो करून १० मीटरवर तपासणे. दुर्बीण नळीच्या चार-एक सेंटिमीटर वर असते, म्हणून छर्रा नेमाच्या रेषेखालून निघतो, वर चढून तिला छेदतो आणि पुन्हा खाली येतो. २० मीटरला मध्यावर बसणारा छर्रा १० मीटरवर काही मिलिमीटर खाली बसणे हे योग्यच आहे. ज्या अंतरावर झिरो केला, त्याच अंतरावर तो तपासावा.

मग घ्यायची कोणती

एवढे सगळे पाहिल्यावरही दुर्बीणच बदलायची ठरली, तर कमी पैशांत मी पुढील क्रमाने विचार करतो. सर्वांत आधी खोक्यावर किंवा माहितीत ती स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले असावे आणि त्या वापरावर वॉरंटी असावी. नुसते ‘धक्का सोसणारी’ हे शब्द पुरेसे नाहीत, कारण कोणता धक्का ते त्यात सांगितलेले नसते. त्यानंतर पॅरालॅक्स. पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून तो १० मीटरपर्यंत खाली आणता येत असेल तर उत्तम. ते बजेटमध्ये बसत नसेल तर मुळात जवळच्या अंतरावर पॅरालॅक्स जुळवलेली, एअर रायफलसाठीचीच दुर्बीण पाहावी. चित्र किती पटींनी मोठे दिसते ते शेवटी. पहिल्यांदा घेणाऱ्याने, माझ्या मते, ४×३२, म्हणजे चार पटींनी मोठे दाखवणारी आणि ३२ मिमीच्या पुढच्या भिंगाची, अशी एकाच पटीची घ्यावी. तिच्यात हलणारे भाग कमी, म्हणून त्याच पैशांत ती जास्त भक्कम मिळते. वजनही कमी, त्यामुळे माऊंटवरचा ताणही कमी. ३-९×४० ही सगळ्यांची आवडती असते, आणि पैसे थोडे जास्त असतील तर तीही वाईट नाही. पण ९ पटीवर हाताचा कंपही नऊ पटींनी दिसतो आणि चित्रातला उजेड उतरतो, त्यामुळे ती घेतलेले बरेच जण शेवटी ४ वरच स्थिर होतात.

रायफलीबरोबर फुकट मिळणारी, एक इंचापेक्षा बारीक नळीची ४×२० दुर्बीण लहान मुलांच्या खेळण्यात टाकावी. तिचे पुढचे भिंग पाच रुपयांच्या नाण्याएवढेही नसते आणि तिच्या रिंगांना खीळ नसते. चमकत्या रंगांची भिंगे, लाल-हिरवे दिवे, खाली लेसर असली जोड असलेल्या दुर्बिणींपासूनही लांब राहावे; त्याच किमतीत एवढे सगळे बसवायचे तर काटकसर आतल्या नळीवर आणि स्प्रिंगवरच झालेली असणार. रेघा भिंगावर कोरलेल्या असतील तर तारेच्या रेघांपेक्षा त्या या हिसक्यांना जास्त टिकतात, हेही विचारून घ्यावे.

इथे थोडे विषयांतर. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवल्यापासून, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्य आणल्यापासून, मुलाला ‘शूटिंगसाठी’ म्हणून एअर रायफल आणि दुर्बीण एकदम घेऊन देणारे पालक भेटतात. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तिथे बारीक भोकातून पाहायची पीप साइट असते, आणि रायफलही स्प्रिंगची नसून दाबून भरलेल्या हवेची, जवळजवळ विनाधक्क्याची असते. मुलाला त्या वाटेने जायचे असेल तर दुर्बिणीचे पैसे वाचवून रेंजवरच्या प्रशिक्षकांना भेटावे. आणि दुर्बीण आली म्हणून कवडे-पारव्यांवर नेम धरण्याचा मोह कोणालाही होऊ नये, ४.५ मिमीपर्यंतच्या आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नसला, तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिलाही लागू आहे.

नवीन दुर्बीण हातात आली की ती लगेच रायफलीवर चढवू नये. खिडकीतून लांबच्या तारेकडे पाहून रेघा स्वच्छ आणि सरळ दिसतात का, पटी बदलताना क्रॉस जागा सोडतो का, आणि कानाशी धरून हलक्या हाताने हलवल्यावर आत काही खुळखुळते का, हे पाहावे. मग ती स्क्रू मध्यावर ठेवून बसवावी, १० मीटरवर झिरो करावा, आणि चौकोनाचा प्रयोग करावा: तीन छर्रे मारावेत, वीस क्लिक उजवीकडे घेऊन तीन, वीस वर घेऊन तीन, वीस डावीकडे आणि तीन, आणि शेवटी वीस खाली घेऊन पुन्हा तीन, सगळे मूळच्या खुणेवरच नेम धरून. प्रत्येक बाजू साधारण दीड सेंटिमीटरची भरावी आणि शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिघांतच जाऊन बसावेत. त्यानंतर आणखी शंभर छर्रे मारून, पेन्सिलीची रेघ पाहून, हाच प्रयोग पुन्हा करावा. दुसऱ्या वेळी चौकोन मिटला नाही आणि माऊंट मात्र रेघेला लागूनच, मूळच्या जागी आहे, तर दुर्बीण सदोष आहे असे निःशंकपणे म्हणता येते. दोन्ही कागद तारीख टाकून जपून ठेवावेत आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत पावतीसह दुकानदारापुढे ठेवावेत.